गल्लीची रुंदी, थप्पीची उंची

गोदामाची इमारत उभी राहण्याआधी दोन अंतरे ठरवावी लागतात: मालाच्या दोन रांगांमधली गल्ली किती रुंद ठेवायची आणि मालाची थप्पी किती उंच न्यायची. जागेचे भाडे, कामगारांची संख्या, मालाची सुरक्षितता आणि दारात उभा असलेला ट्रक किती वेळात रिकामा होणार हे सारे या दोन अंतरांवर अवलंबून असते, आणि ही अंतरे अखेर ज्या यंत्रावरून ठरतात ते यंत्र म्हणजे फोर्कलिफ्ट. समोरच्या दोन पोलादी काट्यांवर माल उचलणारे, तो वर चढवणारे आणि इकडून तिकडे नेणारे हे वाहन बाहेरून पाहणाऱ्याला एकाच साच्यातले वाटते. प्रत्यक्षात त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतील प्रत्येक प्रकार काही मिळवण्यासाठी काही सोडून देतो. एखादा ताकद राखतो पण जागा जास्त मागतो, दुसरा जागा वाचवतो पण गुळगुळीत जमिनीचा हट्ट धरतो, तिसरा अगदी अरुंद गल्लीत शिरतो पण त्या गल्लीबाहेर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. या देवघेवीचा हिशेब नीट मांडला तर गोदाम चालते, आणि त्या हिशेबातून चालकाचे प्रशिक्षण वगळले गेले तर त्याची किंमत माणसाच्या शरीराला मोजावी लागते.

भिवंडीची गोदामे उंच का झाली

महाराष्ट्रात हा बदल पाहण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडीइतके बोलके ठिकाण दुसरे नाही. यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या भोवती, मुंबई-नाशिक महामार्गाच्या परिसरातील मानकोली, पूर्णा, वळ, दापोडे, राहनाळ, काल्हेर आणि पुढे पडघ्यापर्यंतच्या गावांत, भाताच्या खाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यामागे जकातीचे कारण मोठे होते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरताच जकात द्यावी लागत असे, म्हणून माल हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि विक्री होईल तसा थोडाथोडा शहरात न्यायचा हा व्यवहार व्यापाऱ्यांना परवडत होता. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर आयात-निर्यातीच्या मालाचीही त्यात भर पडली.

त्या काळातील गोदाम म्हणजे पत्र्याचे किंवा सिमेंटच्या छपराचे लांबट गाळे होते. माल हमालांच्या पाठीवरून आत जाई, हातानेच थप्पी लागे, आणि माणसाचा हात जिथपर्यंत पोचतो तिथे थप्पीची उंची संपे. छपराखालची उरलेली सारी हवा रिकामी राही, परंतु भाडे कमी असल्यामुळे त्या रिकाम्या हवेची किंमत कोणाला जाणवत नसे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकातही संपली. त्याआधी आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतःचे छोटे गोदाम ठेवत. ते कारण नाहीसे झाल्यावर अनेक लहान गोदामांऐवजी मोक्याच्या ठिकाणी एकच प्रचंड गोदाम ठेवणे फायद्याचे ठरू लागले. ऑनलाइन खरेदीच्या वाढीने याच प्रवृत्तीला जोर दिला. मोठ्या गोदामात छत बारा मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर नेता येते, पोलादी रॅक उभारून मालाचे पाच-सहा मजले करता येतात, आणि त्याच क्षेत्रफळात कितीतरी अधिक माल मावतो. अट इतकीच की त्या उंचीवर माल चढवणारे यंत्र हाताशी हवे. म्हणून आज भिवंडीतच एका बाजूला पाठीवर पोते घेऊन फळीवरून चढणारा कामगार दिसतो आणि दुसऱ्या बाजूला बारा मीटर उंचीवरच्या रॅकमध्ये माल ठेवणारे विजेवरचे यंत्र दिसते, आणि दोन्ही दृश्यांमध्ये कधीकधी एका कुंपणाचेच अंतर असते.

समोरचा भार, मागचा तोल

फोर्कलिफ्ट म्हटल्यावर सामान्यतः जे वाहन डोळ्यांसमोर येते त्याला काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट म्हणतात. त्याची घडण कावडीच्या तत्त्वावर आहे: कावड वाहणाऱ्याचा खांदा मध्ये असतो आणि दोन्ही टोकांचे भार एकमेकांना तोलून धरतात, त्याप्रमाणे येथे पुढच्या चाकांचा आस हा आधारबिंदू असतो, त्याच्या पुढे काट्यांवर माल असतो आणि मागे ओतीव लोखंडाचा जड ठोकळा त्या मालाला तोलतो. अडीच टन उचलणाऱ्या डिझेल फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन साधारण पावणेचार ते चार टन असते ते याच ठोकळ्यामुळे, आणि पूर्ण भार उचलल्यावर यंत्र व माल मिळून होणाऱ्या वजनाचा बहुतांश, जवळपास नऊ दशांश भाग, पुढच्या दोन चाकांवर येतो. गोदामाची जमीन किती भक्कम हवी हे म्हणूनच केवळ साठवलेल्या मालावर ठरत नाही.

यंत्राच्या अंगावर लावलेल्या पत्र्यावर त्याची क्षमता लिहिलेली असते, पण तो आकडा सशर्त असतो. मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून ठरावीक अंतरावर, बहुधा ५०० मिलिमीटरवर आहे असे धरून ती क्षमता काढलेली असते. या अंतराला लोड सेंटर म्हणतात. माल लांब असेल किंवा काट्यांच्या टोकाकडे ठेवला असेल तर हे अंतर वाढते आणि उचलण्याची क्षमता घटते. समजा, पुढच्या आसापासून काट्यांच्या पाठीपर्यंत ४०० मिलिमीटर अंतर आहे आणि यंत्र ५०० मिलिमीटर लोड सेंटरला २००० किलो उचलते. तोच गुरुत्वमध्य ७५० मिलिमीटरवर गेला तर तरफेच्या साध्या गणिताने सुरक्षित भार सुमारे १५६५ किलोवर येतो. दोन टनी यंत्राने दोन टनांचा कोणताही माल उचलता येतो हा समज या गणितापुढे टिकत नाही, आणि उंची वाढत जाते तशी ही क्षमता आणखी कमी होते.

आडव्या तोलाचा नियम याहून नाजूक आहे. मागचा आस मध्यभागी एका खिळीवर झुलता ठेवलेला असल्यामुळे चार चाकांचे हे वाहन वस्तुतः तीन बिंदूंवर उभे असते: पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य. या तीन बिंदूंना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या आत यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य असेल तोपर्यंत वाहन उभे राहते. माल वर उचललेल्या स्थितीत वेगाने वळण घेतले की तो मध्य त्रिकोणाबाहेर पडतो आणि यंत्र कुशीवर कोसळते. रिकामे फोर्कलिफ्ट अधिक सुरक्षित असावे असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु माल नसताना गुरुत्वमध्य मागे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या भागात सरकतो, त्यामुळे रिकामे यंत्र वेगाने वळवताना कुशीवर पडण्याचा धोका उलट वाढतो. शिवाय वळण देणारी चाके मागे असतात. मोटार चालवण्याची सवय असलेल्या माणसाला यंत्राची शेपूट वळणाच्या विरुद्ध बाजूला किती फेकली जाते याचा अंदाज लवकर येत नाही आणि रॅकच्या खांबांना बसणाऱ्या ठोकरींचे ते एक मोठे कारण असते.

इंधनाची निवड आणि गोदामातली हवा

उघड्या आवारात, खडबडीत जमिनीवर, पावसात आणि उतारावर डिझेलवर चालणारे, हवा भरलेल्या किंवा भरीव रबरी टायरांचे काउंटरबॅलन्स यंत्र उपयोगी पडते. सिमेंटच्या पाइपांचे आवार, लाकडाच्या वखारी, विटांचे कारखाने आणि बंदरालगतचे माल-तळ येथे त्याला तोड नाही. मात्र तेच यंत्र बंदिस्त गोदामात दिवसभर चालले तर काजळी मालावर बसते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड कामगारांच्या श्वासात जातो; औषधे, खाद्यपदार्थ आणि कपडे यांच्या गोदामांत म्हणूनच विजेवरील यंत्रांचा आग्रह धरला जातो. द्रवरूप पेट्रोलियम वायूवर चालणारी यंत्रे या दोहोंच्या मध्ये येतात, कारण त्यांना काजळी कमी असते, तरी कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न त्यांच्याबाबतीतही उरतोच.

विजेवरील यंत्रात बॅटरी दोन कामे करते. ती ऊर्जा पुरवते आणि तिचे पाऊण ते एक टनापर्यंतचे वजन तोल राखण्याच्या कामी येते. शिशाच्या पारंपरिक बॅटरीला पूर्ण भारित होण्यास सुमारे आठ तास लागतात आणि नंतर ती थंड व्हावी लागते, म्हणून तीन पाळ्यांत चालणाऱ्या गोदामाला एका यंत्रासाठी एकाहून अधिक बॅटऱ्या ठेवाव्या लागतात. भारित होताना या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. त्यासाठी चार्जिंगची वेगळी, खेळत्या हवेची जागा हवी, जवळपास ठिणगी उडता कामा नये, आणि ऊर्ध्वपातित पाण्याची पातळी नियमित पाहिली पाहिजे. ज्या गोदामात चार्जिंगची ही जागा जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात ढकललेली असते तेथे यंत्राचा विचार इमारतीनंतर झाला हे लगेच ओळखता येते. लिथियम-आयन बॅटरी जेवणाच्या सुटीतही थोडीथोडी भारित करता येते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. ती महाग असली तरी एकाच यंत्राकडून तीन पाळ्यांचे काम घेता येत असल्यामुळे मोठ्या गोदामांचा कल तिच्याकडे वाढत आहे.

रुंद गल्लीकडून अरुंद गल्लीकडे

काउंटरबॅलन्स यंत्राची खरी उणीव म्हणजे त्याला वळायला लागणारी जागा. रॅकसमोर काटकोनात वळून माल आत सरकवण्यासाठी त्याला साधारण साडेतीन ते चार मीटर रुंदीची गल्ली द्यावी लागते, आणि ही सारी जागा भाडे देऊन रिकामी ठेवलेली असते. ही उणीव दूर करण्यासाठी रीच ट्रक नावाचा प्रकार आला. त्याला पुढे दोन बुटके पाय असतात, त्या पायांच्या टोकांना चाके असतात, आणि काट्यांना वर नेणारा उभा सांगाडा, म्हणजे मास्ट, त्या पायांच्या दरम्यान पुढे-मागे सरकतो; काही यंत्रांत मास्ट स्थिर असतो आणि काटेच कात्रीसारख्या जोडणीवर पुढे जातात. माल घेताना काटे पुढे पोचतात आणि चालताना माल मागे ओढून चाकांच्या मध्ये घेतला जातो, त्यामुळे मागे जड ठोकळ्याची गरज कमी होते, यंत्र आखूड होते आणि गल्ली पावणेतीन ते तीन मीटरवर येते. चालक त्यात आडवा बसतो, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे मान वळवून पाहणे त्याला सोपे जाते. दहा मीटर आणि त्याहून अधिक उंचीचे रॅक सामान्यतः याच यंत्राच्या भरवशावर उभारले जातात.

याहून अरुंद गल्लीसाठी असलेल्या यंत्रांना गोदामांत व्हीएनए म्हणतात. येथे यंत्र गल्लीत वळतच नाही. त्याच्या पुढचा काट्यांचा भाग डावीकडे किंवा उजवीकडे काटकोनात फिरतो आणि दोन्ही बाजूंच्या रॅकमध्ये माल ठेवतो. गल्ली एक मीटर साठ ते ऐंशी सेंटिमीटर असली तरी भागते. इतक्या कमी जागेत सुकाणू माणसाच्या हाती ठेवणे शक्य नसते, म्हणून जमिनीत पुरलेल्या तारेच्या संकेतावर किंवा दोन्ही कडांना बसवलेल्या रुळांच्या आधारे यंत्र सरळ चालते, आणि पुष्कळ यंत्रांत चालकाची खोलीच मालासोबत वर जाते, त्यामुळे बारा मीटर उंचीवरही काटे पॅलेटखाली, म्हणजे माल ज्यावर रचलेला असतो त्या फळीवजा चौकटीखाली, नेमके शिरतात की नाही हे तो डोळ्यांनी पाहू शकतो.

या फरकाचे मोल एका काल्पनिक हिशेबातून स्पष्ट होते. पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅक-रांगांना अंतरासह दोन मीटर साठ सेंटिमीटर जागा लागते असे धरले, तर काउंटरबॅलन्स यंत्रासाठीच्या ३.६ मीटर गल्लीसह हा एक पट्टा ६.२ मीटरचा, रीच ट्रकसाठीच्या २.९ मीटर गल्लीसह ५.५ मीटरचा आणि व्हीएनएसाठीच्या १.७ मीटर गल्लीसह ४.३ मीटरचा होतो. ६२ मीटर रुंदीच्या दालनात पहिले दहा पट्टे, दुसरे अकरा आणि तिसरे चौदा बसतात. म्हणजे छत तेच, भाडे तेच आणि माल ठेवण्याच्या जागेत चार दशांशांची वाढ.

ही वाढ फुकट मिळत नाही. रीच ट्रकची चाके लहान आणि कठीण पॉलियुरेथेनची असतात, त्यांना भेगा, खड्डे आणि उघडे आवार मानवत नाही. व्हीएनएच्या बाबतीत जमिनीचा प्रश्न फार तीव्र होतो: यंत्राच्या दोन चाकांमधले अंतर १.२ मीटर आणि काट्यांची उंची १२ मीटर असेल, तर एका चाकाखाली जमीन तीन मिलिमीटर खाली असली तरी वरचे टोक तीस मिलिमीटर कलते, आणि चालत्या यंत्राचा झोका त्यात आणखी भर घालतो. म्हणून अशा गोदामाची जमीन विशेष काळजीने ओतावी आणि घासावी लागते. शिवाय व्हीएनए यंत्र ट्रकमधून माल उतरवू शकत नाही, त्याच्यापर्यंत माल आणून देण्यासाठी दुसरे यंत्र लागते, आणि ते गल्लीत असताना तेथे कोणीही पायी जाऊ नये अशी कडक शिस्त पाळावी लागते. ज्याचा माल वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या पॅलेटवर येतो त्याला ही गुंतवणूक शोभते. ज्याचे ग्राहक दर सहा महिन्यांनी बदलतात त्या भाड्याच्या गोदामाला रुंद गल्ली आणि साधे यंत्रच परवडते.

चालत चालवायची यंत्रे

गोदामातील मालाचा मोठा भाग उंच चढण्याआधी आणि उतरल्यानंतर जमिनीवरूनच प्रवास करतो, आणि त्या प्रवासाचे मुख्य साधन म्हणजे हँड पॅलेट ट्रक. दांडा वर-खाली केला की तेलाच्या दाबाने काटे जमिनीपासून सुमारे वीस सेंटिमीटर उंचीपर्यंत वर येतात आणि दोन-अडीच टनांची पॅलेट एक माणूस ओढू शकतो. किंमत कमी, दुरुस्ती सोपी आणि परवान्याचा प्रश्न नाही, म्हणून भिवंडीतील लहानशा गाळ्यातही ते दिसते. अंतर वाढले की तेच काम बॅटरीवर चालणारा पॅलेट ट्रक करतो, ज्याला गोदामांत संक्षेपाने बीओपीटी म्हणतात. पॅलेट दोन-तीन मजले चढवायची असेल आणि माल फार जड नसेल तर मागे चालत चालवायचा स्टॅकर पुरतो. तो अरुंद जागेत वळतो आणि दुकानाच्या मागच्या खोलीतही काम करतो.

ऑर्डर पिकर हा प्रकार या सर्वांहून वेगळ्या गरजेतून आला. ऑनलाइन व्यापारात अखंड पॅलेट क्वचितच बाहेर जाते. शंभर खोक्यांतून दोन खोकी काढायची असतात. ऑर्डर पिकरमध्ये चालक उभा असलेला चौथरा रॅकच्या बाजूने वर जातो आणि तो स्वतःच्या हाताने हवी ती वस्तू काढतो, त्यासाठी अंगभर बांधायचा सुरक्षापट्टा अडकवणे अनिवार्य असते. सणासुदीच्या काळात, विशेषतः दसरा-दिवाळीच्या विक्रीआधी, गोदामे अशी यंत्रे महिन्याच्या भाड्याने आणतात, आणि नव्या यंत्राबरोबर नवा चालक येतो तेव्हा प्रशिक्षणाचा प्रश्न तीव्रतेने समोर उभा राहतो.

मालाप्रमाणे बदलणारे हात

काटे हे फोर्कलिफ्टचे एकमेव अवयव नव्हेत. विदर्भ-मराठवाड्याच्या जिनिंगमध्ये तयार होणाऱ्या साधारण १७० किलोच्या कापसाच्या गाठींना खाली पॅलेट नसते. दोन बाजूंनी दाबून धरणारे क्लॅम्प बसवले की एका खेपेत अनेक गाठी उचलता येतात. वृत्तपत्राच्या किंवा पुठ्ठ्याच्या कागदाच्या रिळांसाठी गोलाकार जबड्याचे, फिरू शकणारे क्लॅम्प असतात, कारण रिळाची कड दबली तर तो छपाई-यंत्रावर सरळ फिरत नाही. काटे डावी-उजवीकडे थोडे सरकवणारा साइड शिफ्टर ही छोटी जोडणी चालकाला यंत्र पुन्हा मागे घेऊन नव्याने रोखण्याच्या श्रमातून सोडवते. अर्थात अशी प्रत्येक जोडणी स्वतःचे वजन घेऊन येते आणि माल पुढे ढकलते, म्हणून जोडणी बदलली की क्षमतेचा पत्राही बदलायला हवा.

कंटेनरमधून माल काढताना वेगळीच अडचण येते. वीस फुटी सामान्य कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर असते. आत शिरणाऱ्या यंत्राचा मास्ट त्याहून बुटका हवा आणि माल उचलताना तो छताला लागता कामा नये. यासाठी मास्टची उंची न वाढता काटे आधी काही अंतर वर जातील अशी रचना केलेली असते, तिला फ्री लिफ्ट म्हणतात. आणि जेथे माल नव्हे, भरलेला कंटेनरच उचलायचा असतो, तेथे, म्हणजे न्हावा शेवा बंदराभोवती उरण आणि पनवेल तालुक्यांतील कंटेनर-तळांवर, रीच स्टॅकर नावाचे महाकाय यंत्र काम करते. त्याला काटे नसतात. पुढे झेपावणाऱ्या बाहूच्या टोकाला कंटेनरचे चारही कोपरे पकडणारी चौकट असते आणि सुमारे ४५ टनांपर्यंत वजन ते उचलते.

शीतगृहांची गरज आणखी निराळी आहे. गोठवलेले मासे, मटार आणि आइस्क्रीम यांच्यासाठी उणे अठरा अंशांखाली ठेवलेल्या दालनात शिशाच्या बॅटरीची क्षमता लक्षणीय घटते, साधे तेल घट्ट होते, आणि यंत्र आत-बाहेर करताना त्याच्या विजेच्या भागांवर दव साठते. त्यामुळे तेथे खास वंगण, झाकलेली विद्युत-जोडणी आणि चालकासाठी उबदार केबिन किंवा ठरावीक विश्रांती या गोष्टी यंत्राच्या किमतीतच धराव्या लागतात.

पॅलेट आणि पाठ

फोर्कलिफ्ट उपयोगी पडण्याची पहिली अट म्हणजे मालाखाली काटे शिरण्याइतकी पोकळी, आणि ती पोकळी पॅलेट देते. भारतात १२०० बाय १००० मिलिमीटर हे माप सर्वाधिक दिसते, युरोपातून येणारा माल १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर येतो, आणि रॅकची मापे एका पॅलेटसाठी आखलेली असताना दुसरी आली की काटे आणि तुळया यांचा मेळ बसत नाही. अमेरिकेतील क्लार्क कंपनीने मिशिगनमधील आपल्या कारखान्यातील वाहतुकीसाठी १९१७ मध्ये मालवाहू ट्रॅक्टर बनवला, तेथून आजच्या फोर्कलिफ्टचा वंश सुरू होतो असे सांगतात. तथापि या यंत्राला जगभर पसरवले ते दुसऱ्या महायुद्धात सैन्याने मालाला पॅलेटवर ठेवायला सुरुवात केल्याने. भारतात गोदरेजने मुंबईतील विक्रोळी येथे फोर्कलिफ्ट बनवायला घेतल्यालाही अनेक दशके झाली, तरी मालाचा पॅलेटवरचा प्रवास अजून अपुराच आहे.

ट्रक सुटी पोती भरून येतो, त्याच्या बाजूंना स्थिर फाळके असतात, आणि पलीकडे उतरवणाऱ्याकडे फोर्कलिफ्ट नसते. म्हणून पॅलेट वाटेतच सोडून दिली जाते. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पोती आजही पाठीवरून उतरतात, कारण तेथे माल शेतकऱ्याच्या नावाने वेगळा ठेवून विक्रीला लावायचा असतो आणि अरुंद गाळ्यांत यंत्राला वळायला जागा नसते. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन. फोर्कलिफ्ट ते एका खेपेत उचलते आणि माणसाला त्यासाठी वीस वेळा वाकावे लागते.

याच पाठीच्या बाजूने अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळ उभी राहिली आणि १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. मालक आणि कामगार दोघांची माथाडी मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि इतर सोयी ही या कायद्याची देणगी आहे. यंत्र आले की माथाडी टोळीचे काम जाणार ही धास्ती खरी आहे आणि तिला हलके लेखता कामा नये. तरीही पन्नास किलो पाठीवर घेऊन आयुष्य काढणे हे कोणाचे भाग्य मानता येत नाही. ज्या टोळीला माल, थप्पी आणि ट्रक यांची नेमकी जाण आहे तिच्यातीलच तरुणांना यंत्राच्या आसनावर बसवणे, त्यांची नोंदणी व हक्क न तोडता त्यांना चालक म्हणून शिकवणे, हा मार्ग गोदाममालकालाही लाभाचा आहे, कारण मालाचा तोल समजणारा माणूस त्याला तयारच मिळतो.

चालकाचे कौशल्य आणि कायद्यातील पोकळी

चांगला चालक ओळखायचा असेल तर त्याचे काटे पाहावेत. चालताना ते जमिनीपासून पंधरा-वीस सेंटिमीटरच वर असतात, मास्ट किंचित मागे झुकलेला असतो, समोरचा माल दृष्टी अडवत असेल तर यंत्र मागे चालवले जाते, आणि भरलेले यंत्र उतारावर नेहमी मालाची बाजू चढाकडे ठेवून चालते. गल्लीच्या तोंडाशी तो हॉर्न वाजवतो, उचललेल्या मालाखाली कोणालाही उभे राहू देत नाही, आणि काट्यांवर माणूस उभा करून त्याला वर चढवण्याची विनंती ठामपणे नाकारतो. बसून चालवायचे यंत्र कलंडू लागले तर उडी मारण्याची ऊर्मी दाबून आसनाला धरून राहायचे असते, कारण उडी मारणारा बहुधा छताच्या पोलादी चौकटीखालीच सापडतो. सुरक्षापट्ट्याचे महत्त्व येथे आहे.

ही सारी शिस्त आपोआप येत नाही. अमेरिकेत चालकाचे प्रशिक्षण आणि दर तीन वर्षांनी त्याचे मूल्यमापन मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळलेली आहेत, म्हणून आवाराबाहेर न जाणाऱ्या फोर्कलिफ्टला रस्त्यावरील वाहनाची चौकट लागू होत नाही. पुष्कळ ठिकाणी चालकाकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे एवढेच पाहिले जाते, परंतु तो परवाना लोड सेंटर शिकवत नाही, मागच्या चाकांनी वळणे शिकवत नाही आणि बारा मीटर उंचीवर पॅलेट ठेवणेही शिकवत नाही. काउंटरबॅलन्स यंत्र उत्तम चालवणारा माणूसही रीच ट्रकवर नवखाच असतो, कारण आसनाची दिशा, चाकांची पकड आणि तोलाचे नियम बदललेले असतात. प्रत्येक प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण हवे ते यासाठी.

ही जबाबदारी मालक, भाड्याने यंत्र देणारा आणि मजूर-कंत्राटदार यांच्यामध्ये विभागली गेली की ती कोणाचीच उरत नाही. चालक कंत्राटदाराचा, यंत्र भाड्याचे आणि गोदाम तिसऱ्याचे अशा व्यवस्थेत रोज सकाळी ब्रेक, हॉर्न, साखळ्या, तेलगळती आणि टायर तपासण्याची यादी कोणी भरायची हाच प्रश्न सुटत नाही. रॅकचा वाकलेला खांब दिसूनही कळवला जात नाही, कारण कळवणाऱ्याच्या पगारातून नुकसान कापले जाण्याची भीती असते. आणि वाकलेला एक खांब वरच्या अनेक टनांचा भार वाहत असतो.

हिशेब कोठून सुरू करावा

फोर्कलिफ्ट विकत घेताना किंवा भाड्याने आणताना सर्वप्रथम किंमत विचारली जाते आणि सर्वांत शेवटी चालकाचा विचार होतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी माल पाहावा: तो पॅलेटवर येतो की सुटा, किती जड, किती लांब, दिवसातून किती वेळा हलतो. मग इमारत पाहावी: जमीन कशी आहे, छत किती उंच, डॉक आहे की आवारातच माल उतरतो, हवा खेळती आहे का आणि चार्जिंगला जागा कोठे. त्यावरून गल्लीची रुंदी आणि थप्पीची उंची ठरवावी, आणि त्या दोहोंवरून यंत्राचा प्रकार. शेवटी, परंतु खर्चाच्या त्याच पानावर, त्या विशिष्ट यंत्रासाठी चालकाचे प्रशिक्षण, त्याला विश्रांती, आणि धोका दिसताच यंत्र थांबवण्याचा त्याचा अधिकार लिहावा.

भार कधी नाहीसा होत नाही, तो एका जागेवरून दुसरीकडे जातो: पाठीवरून काट्यांवर, काट्यांवरून चाकांवर, चाकांवरून जमिनीवर. यंत्राचा प्रत्येक प्रकार हे स्थलांतर आपापल्या रीतीने करतो आणि त्यासाठी जागा, जमीन किंवा लवचीकता यांपैकी काहीतरी मागतो. ही मागणी पूर्ण न करता यंत्र वापरले तर उरलेला भार चालकावर आणि त्याच्या आसपास काम करणाऱ्यांवर येतो. महाराष्ट्रातील गोदामे यापुढेही उंच होत जाणार आहेत. त्या उंचीला पेलणारे प्रशिक्षण राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत यंत्राच्या प्रकारानुसार उपलब्ध व्हावे, प्रमाणपत्राशिवाय कोणालाही आसनावर बसू देऊ नये आणि माथाडी टोळ्यांना या शिक्षणात पहिला हक्क मिळावा. पाठीवरचे ओझे यंत्राने उचलले याचे समाधान पूर्ण व्हायचे असेल तर ते यंत्र चालवणाऱ्याच्या सुरक्षेलाही मजुरीइतकेच हक्काचे स्थान द्यावे लागेल.